कनातीमागची गाडी

नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. बंद पडला नाही. जिना उतरताना अंधारात एक पायरी चुकावी तसा नुसता खाली गेला आणि धडपडून परत वर आला. स्टिअरिंग दौलतरावांच्या तळव्यांत थरथरलं. समोर काट्यांच्या मध्ये बॅटरीचा लाल दिवा लागला. त्यांचा उजवा पाय आपसूक अ‍ॅक्सिलरेटरवर टेकला होता, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा इतका हलका, आणि तोंडातून शब्द निघून गेले होते, ‘हां, घे.’ गाडीत दुसरं कुणी असतं तर त्याला कळलं नसतं हे कुणाला म्हटलं ते. सिग्नल हिरवा झाला होता. मागचा रिक्षावाला हॉर्न देऊन देऊन कंटाळला आणि शेजारून काढताना वाकून म्हणाला, ‘ओ काका, समाधी लागली का?’ दौलतरावांनी गिअर टाकला. गाडी निघाली. पण लाल दिवा विझला नाही.

आवाजाचं हे खाली जाणं नवीन नव्हतं. दिवाळीनंतर कधीतरी सुरू झालं होतं. ज्या माणसाचा सगळा जन्म चाकणच्या कंपनीत मोटरींच्या मेंटेनन्समध्ये गेला, जो शॉपमध्ये नुसता चालत जाता जाता कुठल्या मोटरीचं बेअरिंग जाणार ते सांगायचा, त्याला स्वतःच्या गाडीचं चार्जिंग ढासळतंय हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल. कळत होतं. कळूनही ते गप्प होते. उलट सकाळी कासारवाडीतल्या आपल्या बिल्डिंगखाली व्हॅन सुरू केली की ते भर उजेडात हेडलाइट लावत, पंखा मोठा करत, म्हणजे भार पडे. आणि मग हात मांडीवर ठेवून ते वाट बघत बसत. थोड्या वेळानं इंजिन खाली जाई. दौलतराव डोळे मिटून घेत. वरच्या मजल्यावरची शालनबाई गॅलरीतून विचारायची, ‘कुठं निघालात का भाऊ?’ ते म्हणायचे, ‘नाही हो, बॅटरी चार्ज करतोय.’ यातलं खोटं फक्त त्यांना आणि गाडीला माहीत होतं. लाल दिवा मात्र आजच लागला होता, आणि आज संध्याकाळी पुनावळ्याला त्यांच्या बायकोच्या, कुसुमच्या, वर्षश्राद्धाचं कीर्तन होतं. कुसुमची शिष्या तनुजा उभी राहणार होती. सकाळीच तिचा फोन आला होता, ‘काका, साउंड मंडपवाल्याचाच आहे, तुम्ही काही आणू नका. आणि या वेळी पुढं बसायचं. मागं गाडीत बसलेले दिसलात तर मी मधेच कीर्तन थांबवीन, सांगून ठेवते.’ ते ‘बघू’ म्हणाले होते. मनात मात्र ठरलेलं होतं. गाडी कनातीमागं लावायची, सुरू ठेवायची, काचा अर्ध्या खाली घ्यायच्या, आणि एवढं एक कीर्तन पहिल्यासारखं ऐकायचं. तेवढ्यासाठी गाडी संध्याकाळपर्यंत चालायला हवी होती. म्हणून घराकडं न वळता ते वजीरच्या गॅरेजकडं वळले.

वजीरचं गॅरेज रेल्वेलाइनच्या अलीकडच्या गल्लीत. वडिलांच्या वेळचा पत्र्याचा फलक अजून तोच, शेजारी कडुनिंब. ‘या काका,’ हात पुसत वजीर म्हणाला, ‘आज काय म्हणते आमची म्हातारी?’

‘म्हातारी म्हणू नको. तुझ्यापेक्षा जास्त गावं फिरलीय.’

‘फिरलीय कमी आन् उभी जास्त राहिलीय,’ वजीर बॉनेट उघडत म्हणाला. ‘कुसुमताईंनी घोडा न्हवता पाळला, दावणीला गाय बांधलेली.’ बॉनेट उघडल्याबरोबर बॅटरीच्या टर्मिनलवर एक जाड वायर दिसली. कंपनीची नव्हे, वजीरनंच कितीतरी वर्षांपूर्वी बसवलेली. टर्मिनलला हिरवी-पांढरी भुकटी धरली होती, आणि तिथून निघून ती वायर गाडीच्या अंगाअंगानं मागं गेली होती, दाराच्या रबरातून बाहेर काढता येईल अशी गुंडाळी करून.

ती वायर म्हणजे कुसुमचा आवाज होता. म्हणजे कुसुमचा आवाज त्या वायरीतून जायचा. दौलतरावांना हे कुणाला नीट सांगता आलं नसतं, आणि आता सांगायचं तरी कुणाला. परभणीकडून दोघं इकडं आले तेव्हा कुसुमला कीर्तनाची नुसती आवड होती. लहानपणी चुलत्याच्या मागं टाळ घेऊन उभी राहिलेली. इथं आल्यावर बायकांच्या भजनी मंडळात ती चार अभंग म्हणू लागली, मग अभंगाच्या मधे चार शब्द बोलू लागली, आणि एका सप्ताहात ठरलेले महाराज आले नाहीत म्हणून कुणीतरी तिला पुढं ढकललं. त्या दिवशी ती घामाघूम झाली होती म्हणतात. दुसऱ्या वर्षापासून लोक तिलाच बोलवायला लागले. मावळातली गावं, चाकणच्या मागच्या वाड्या, चिखलीच्या कामगारांच्या वसाहती. तिथं संध्याकाळी हमखास लाइट जायची. जनरेटर आणला की त्याची घरघर बॉक्समधून यायची, आणि साउंडवाली पोरं तिच्या आवाजाला एको लावून ठेवायची. ‘मी एकदा म्हटलं विठ्ठल, आन् हे चारदा म्हणवून घेतेत,’ ती चिडायची. ‘देव काय बहिरा हाय?’ तेव्हा दौलतरावांनी एक छोटा अँप्लिफायर घेतला, बॅटरीवर चालणारा, दोन बॉक्स घेतले, आणि वजीरकडून ती वायर टाकून घेतली. गाडीचा करंट स्वच्छ. मधे दुसरं काही नाही, ती आणि लोक. पण बॅटरी एकटी किती वेळ पुरणार? म्हणून कीर्तन चालू आहे तोवर गाडी चालू ठेवायची. आणि चालू गाडी मंडपात कोण येऊ देईल? म्हणून गाडी कनातीच्या मागं, रस्त्याच्या कडेला. आणि चालू गाडी एकटी सोडून कोण जाईल? म्हणून दौलतराव गाडीत.

अशी वर्षं गेली. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसनं घरी, तोंडावर पाणी मारलं की व्हॅन. कुसुम नऊवारी सावरत शेजारी बसायची, मागं तनुजा आणि टाळकरी बाया, पखवाज मांडीवर. दौलतरावांनी बायकोचं एकही कीर्तन समोर बसून ऐकलं नाही. त्यांनी ते स्टिअरिंगच्या मागून ऐकलं, कापडाच्या पलीकडून आलेलं, आणि खाली अखंड इंजिन. लोकांना वाटायचं, बिचारा, ड्रायव्हरकी करतो. त्यांना कुठं माहीत की तंबोऱ्याशेजारी बसायला मिळावं तसं ते बसलेत. वजीरनं उभ्या इंजिनाची संथ चाल, म्हणजे आयडल, थोडी वाढवून दिली होती, चार्जिंग पुरावं म्हणून, आणि त्या चालीचा एक सूर धरला जायचा. कुसुम गाडीतून उतरता उतरता तोच सूर गुणगुणत जायची, बायकांना वाटायचं ती मनात नाव घेतेय. आणि मग ती बोलायला लागायची. ‘तुम्ही म्हणाल, ताई, आमाला वेळ न्हाई,’ ती कामगारांच्या वस्तीत म्हणायची. ‘खरं हाय. कंपनीत पंच करायला जरा उशीर झाला की हाफ डे कापतेत. पण या दारात कव्हाबी या. रिटायर होऊन या, काठी टेकत या, चौघांच्या खांद्यावर या. इथला टाइमकीपर येडा हाय. तो पहिल्या दिवसापासून हजेरी लावून ठेवतो.’ मंडप हसायचा, आणि हसता हसता मधेच कुठंतरी कुणाचं तरी नाक ओढल्याचा आवाज यायचा, तोही माइकमधून कनातीपलीकडं पोचायचा. मग ती गजर उचलायची.

आणि ती वरच्या सुराला गेली की गाडी खाली जायची. यात चमत्कार काही नव्हता. अँप्लिफायर जास्त करंट ओढणार, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर भार येणार, इंजिन दबणार. दौलतराव हे कुठल्याही ट्रेनी पोराला फळ्यावर काढून दाखवू शकले असते. पण फळा वेगळा आणि अंधाऱ्या गाडीत पायाखाली ते होणं वेगळं. तिकडं तिचा आवाज चढायला लागायचा आणि इकडं, तो कानावर यायच्या आतच, इंजिन किंचित वाकायचं, देवळात शिरताना उंच माणूस वाकतो तसं. ते पाय टेकवायचे. हां, घे. करंट उभा राहायचा आणि तिचा सूर त्यावर उभा राहायचा, आणि तो खाली उतरेपर्यंत ते पाय तसाच धरून ठेवायचे. घरी ती त्यांना कधी ‘माझा हात धरा’ म्हणाली नाही, त्यांनीही कधी धरला नाही. त्यांच्याकडं तशी पद्धतच नव्हती. पण आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, शंभर माणसांच्या समोर आणि कुणालाही न दिसता, त्यांनी तिचा भार पायावर घेतला होता. ती गेली तेव्हा तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं आटपलं, आणि त्यांना वाटलं होतं आपले कान पोरके होतील. कान झाले नाहीत. मुलीनं, स्वरूपानं, नाशिकहून फोनवर आईची कितीतरी कीर्तनं पाठवली. लोकांनी पुढं बसून काढलेली. चेहरा दिसतो, शब्द न् शब्द ऐकू येतो. दौलतरावांनी एक लावलं आणि अर्ध्यात बंद केलं. त्यात इंजिन नव्हतं. ती कुणीतरी चांगली कीर्तनकार बाई होती. पोरका झाला होता तो पाय. आणि मग दिवाळीनंतर एका सकाळी, अँप्लिफायर माळ्यावर बांधून ठेवलेला असताना, वायरीच्या टोकाला काहीही नसताना, गाडी आपली आपण खाली गेली.

‘थ्रॉटल घाण झालाय,’ वजीर म्हणाला. त्यानं तो साफ केला, पट्टा दाबून बघितला, गाडी सुरू करून कान दिला. फरक नाही. मग त्यानं मीटर आणला आणि दोन टोकं बॅटरीला लावली. ‘काका, जरा रेस द्या.’ त्यांनी दिली. ‘सोडा.’ सोडली. ‘लाइट लावा. पंखा लावा.’ इंजिन वाकलं, थरथरलं, लाल दिवा लागला. वजीर खिडकीपाशी आला, मीटर त्यांच्यापुढं धरला. ‘चौदा व्होल्टच्या आसपास पायजे, बारावर अडकलाय. अल्टरनेटरचा डायोड गेलाय. करंट पुरंना म्हणून आयडल असा खालीवर होतोय. आजचं न्हाई हे.’

‘असेल.’

‘काका, तुम्ही मेंटेनन्सचा माणूस. तुम्हाला कळलं न्हाई?’

दौलतराव मीटरकडं बघत राहिले. वजीर आवाज उतरवून म्हणाला, ‘उभ्या गाडीवर इतकी वर्षं भार घेतला ना हिनं. वारा न्हाई, काही न्हाई. आतून भाजून गेली असणार. तरी लई टिकली म्हणायची. दुसरा अल्टरनेटर हाय माझ्याकडं, बसवून देतो. बॅटरी बदलतो, आयडल जागेवर आणतो, ही वायर काढून टाकतो. दुपारच्या चहापर्यंत मोकळे.’

‘उद्या कर. आज नको.’

‘आज कुठं जायचंय?’

‘पुनावळ्याला. कीर्तन आहे तिचं.’ तिचं म्हणून गेले आणि दुरुस्त केलं नाही.

‘म्हणून तर आज करायचं, काका! येताना अंधार, लाइट लावणार तुम्ही. हायवेला मधेच बंद पडली, दिवे पण गेले, मागून कंटेनर. मी काय तोंड दाखवू स्वरूपाला?’ त्यानं वायर बोटांनी उचलली. ‘आमची अम्मी अजून सांगते सगळ्यांना ती हजेरीची गोष्ट. नमाजाला उशीर झाला की म्हणते, घाबरू नगं, टाइमकीपर येडा हाय. अब्बांना लई राग यायचा.’ दोघंही हसले. हसणं संपलं तरी वजीरनं वायर सोडली नव्हती. ‘काढू ना?’

‘जरा थांब. मला बसू दे थोडा वेळ. बॉनेट बंद कर.’

वजीरनं बॉनेट लावलं आणि कडुनिंबाखाली दुसऱ्या गाडीशी जाऊन बसला. दौलतराव काचा वर करून बसले. इंजिन चालू होतं. शेवटचं म्हणून त्यांनी मन लावून ऐकायचं ठरवलं, आणि आजपर्यंत त्यांनी नेमकं तेच केलं नव्हतं. आजपर्यंत ते नुसती वाट बघायचे आणि मिळालं की डोळे मिटायचे. इंजिन खाली गेलं. घे. पुन्हा लगेच गेलं. मग बराच वेळ नाही. मग अर्धवट, उचकी लागल्यासारखं. त्यांनी मांडीवर बोटांनी ताल धरला. कुसुम गजर उचलायची तो ताल, ज्यात टाळ उलटा पडला तर ती मागं न बघता नुसतं बोट दाखवायची. इंजिन त्यात बसेना. त्यांनी ताल संथ केला, जलद केला. कुठंच बसेना. खाली जाण्याच्या आधी चढण नव्हती. नंतर दम घेणं नव्हतं. ती वरचा सूर सोडल्यावर एक क्षण थांबायची, त्या थांबण्यात मंडपातली लेकरंसुद्धा रडायची राहायची; तसलं काही नव्हतं. बाहेर पुणे-लोणावळा लोकल धडधडत गेली आणि त्या आवाजाखाली इंजिन दोनदा ठेचकाळलं, तेवढंच. इतके महिने त्यांनी ज्याला साथ दिली तो एक जळलेला डायोड होता. त्याला देव माहीत नव्हता, ताल माहीत नव्हता. कुसुमला कुणी इतकं बेताल म्हटलं असतं तर ते भांडायला उठले असते, आणि इथं ते स्वतःच रोज सकाळी तिच्या नावावर हे खपवत होते. त्यांनी पंखा बंद केला. लाइट बंद केले. मग चावी फिरवली. गाडी गप्प झाल्यावर कानात जे उरलं त्यात काहीच नव्हतं, आणि ते सहन करण्यासारखं आहे की नाही हे बघत ते थोडं बसले. मग काच खाली केली.

‘कर,’ ते म्हणाले. ‘सगळं कर. वायर पण.’

चहा झाला तेव्हा गाडी तयार होती. इंजिन सरळ वाजत होतं, इस्त्री केल्यासारखं. लाइट लावले, पंखा लावला, हललं नाही. वजीर मीटर दाखवायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो लपवायचा प्रयत्नही होता. दौलतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुनावळ्याकडं जाताना सगळे सिग्नल त्यांना लाल लागले आणि प्रत्येक सिग्नलला गाडी कुणीही आत नसल्यासारखी उभी राहिली. एकेकाळी या रस्त्याला उसाचे मळे होते आणि कुसुम काच खाली करून वास घ्यायची. आता दोन्हीकडं टॉवर, गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले कपडे. मंडप जुन्या गावठाणातल्या देवळापुढं होता. त्यांनी गाडी कनातीमागं लावली, सवयीनं, आणि बंद केली. उतरायला त्यांना वेळ लागला. पायात चप्पल घातलेली असून ते चप्पल शोधत होते.

पुढच्या सतरंजीवर पुनावळ्याचे म्हातारे सोपानराव बसले होते, त्यांनी सरकून जागा केली, दौलतरावांच्या कपाळाला बुक्का लावला. समोर हार घातलेला कुसुमचा फोटो. इतक्या जवळून सगळं मोठं आणि उघडं वाटत होतं. टाळकऱ्यांच्या मनगटांच्या शिरा, पखवाजाला लावलेली कणीक, तनुजाच्या कपाळावरचा घाम. ती बरी गात होती. कुसुम नव्हती, पण उसनी कुणाचीही नव्हती, आणि दौलतराव तिच्यासाठी मनातून थोडे सैल झाले. मग तिनं गजर उचलला. वरच्या सुराकडं जाताना तिनं डोळे मिटले नाहीत, आभाळाकडं बघितलं नाही, मान वळवली. लोकांच्या डोक्यांवरून, बायकांच्या रांगेवरून, मंडपाच्या कडेला. सूर लागला, उभा राहिला, आणि तो खाली ठेवून मगच ती समोर वळली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा दौलतराव सुराची नाही, मानेची वाट बघत होते.

सोपानरावांनी कोपरानं ढोसलं. ‘बगितलं का? कुसुमताईची लकब हाय ती. पोरीनं जशीच्या तशी उचलली.’

‘कुठली लकब?’

‘ही, मंडपाच्या डाव्या अंगाला बगायची. ताई वरचा सूर लावताना कायम तिकडं बगायची. सूर लागंस्तोवर नजर हलायची न्हाई. आमी आपसात म्हणायचो, बाईला तिकडं देव दिसतो का काय.’

दौलतरावांनी डावीकडं बघितलं. लाल-पिवळी कनात होती, वाऱ्यानं आत-बाहेर होत होती. कुठल्याही गावाला गेलं तरी गाडी मंडपाच्या डाव्या अंगालाच लागायची, कारण वायर गाडीच्या एकाच दारातून निघायची. कापडाच्या इकडून गाडी दिसत नव्हती. कधीच दिसली नसणार.

‘तुमी तर घरचे,’ सोपानराव म्हणाले. ‘तुमाला न्हाई कदी बोलली, तिकडं काय बगती ते?’

‘नाही,’ दौलतराव म्हणाले. ‘मी पुढं बसलोच नाही कधी.’